डाव्या पायाचं पेडल

प्रिय डार्सी,

तू फोन उचलत नाहीस, आणि त्या यंत्रावर निरोप ठेवायचं माझ्याने होत नाही, भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं. तुझा पत्ता शेजारच्या आयव्हरच्या भाचीने दिला. लिंकनच्या हॉस्पिटलात धुलाईघराच्या गाड्या ढकलताना तिने तुला पाहिलं म्हणे. ती म्हणाली, "डार्सीने मान फिरवली." मी म्हटलं, मान फिरवून ती लपणार कुठे, ताडासारखी वाढलेली मुलगी ती. तर आता हे पत्र. सहावीनंतर मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, त्यामुळे चुका काढत बसू नकोस. शेवटपर्यंत वाच. मध्येच फाडून टाकलंस तर मला कळणार नाही हे खरं, पण जे कळायला हवं ते मग तुलाही कळणार नाही.

इकडची खबर म्हणजे, यंदा गवत बरं झालं. कुत्रा गेला. म्हातारा झाला होता, शेडच्या सावलीत निजला तो उठला नाही. आयव्हरने खड्डा खणून दिला आणि वर अर्धा तास उभा राहून कुत्र्याचे गुण सांगितले. एवढे गुण त्याने तुझ्या आजोबाच्या, डेल्बर्टच्या, दफनाला सांगितले नव्हते. तुझा बाप अजून जिल्ह्याच्या रस्त्यांवर ते माती सपाट करायचं यंत्र चालवतो आणि रविवारी माझ्याकडे जेवतो. जेवताना बोलत नाही. मीही बोलत नाही. दोघं राजम्या-मांसाची चिली खातो, दालचिनीचा रोल त्यात बुडवतो आणि खिडकीबाहेरच्या गायी बघतो. गायी आमच्यापेक्षा जास्त बोलतात.

फेब्रुवारीत डेल्बर्टच्या दफनानंतर चर्चच्या तळघरात काय झालं ते मी विसरलेले नाही. हॅमचे सँडविच मांडले होते, सगळा मुलूख कागदी ताटल्या घेऊन उभा होता, आणि तुझा बाप त्या सगळ्यांसमोर तुला म्हणाला, "तुझ्या त्या गिअरच्या दांडीने माझ्या बापाला मारलं. ट्रक जागेवर, पार्कच्या गिअरवर होता आणि आपोआप गिअरमध्ये पडला." कॉफीच्या भांड्याचा तेवढा आवाज येत होता. तू कोट न घालता जिन्याकडे गेलीस. मी मागे आले, तेव्हा दारात तू मला एकच विचारलंस, "आजी, मी दांडी नीट बसवली होती ना?" मी म्हटलं, "मला माहीत नाही. कोट घाल." तुला वाईट वाटलं असणार. पण मला खरंच माहीत नव्हतं, आणि माहीत नसलेल्या गोष्टीवर मान डोलवायची मला सवय नाही. तू त्याच आठवड्यात गॅरेज सोडलंस, पान्यांची पेटी कुणाला तरी देऊन टाकलीस, आणि आता लोकांच्या चादरी धुतेस. त्या प्रश्नाचं उत्तर आता माझ्याकडे आहे. पण मी माझ्या क्रमाने सांगणार.

आधी त्या ट्रकबद्दल, कारण तो बदलायचं कुठून निघालं ते तुला अर्धंच ठाऊक आहे. कालवडीने डेल्बर्टचा गुडघा फाटकाच्या खांबाशी चेंगरला आणि डॉक्टरने आत लोखंड घालून पाय सरळसोट करून टाकला. पाय राहिला, पण वाकेना. न वाकणाऱ्या पायाने क्लच दाबता येत नाही. ऑक्टोबरभर तो खिडकीपाशी खुर्चीत बसून राहिला. मी ट्रक घेऊन कुंपण बघायला जायची आणि तो मला काचेतून बघायचा. मी परत आले की विचारायचा, "तिसऱ्या गिअरमध्ये घालताना दात का वाजवलेस?" मैलभरावरून ऐकायचा माणूस. मग त्याने बंदूक पुसायला घेतली. हरणांचा हंगाम लांब होता. तो ती रोज मांडीवर घ्यायचा, रोज पुसायचा, पुसलेलीच पुन्हा पुसायचा. मी गोळ्या उचलून पिठाच्या डब्यात पुरल्या. त्याने गोळ्या कुठे गेल्या म्हणून विचारलं नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. तेव्हा मी तुला फोन केला. मी एवढंच म्हटलं, "तुझ्या आजोबाला एका पायाने ट्रक चालवता आला पाहिजे." तू म्हणालीस, "थँक्सगिव्हिंगला येते, येताना गिअरबॉक्स आणते." लोक त्या सणाला येताना भोपळ्याचा गोड पाई आणतात.

तो आठवडा मला आवडला होता, हे लिहायला हरकत नाही. तू भंगारातल्या एका ट्रकचा ऑटोमॅटिक बॉक्स ताडपत्रीत गुंडाळून आणलास. शेडमध्ये साखळी टांगलीस, जुना चार गिअरचा बॉक्स खाली उतरवलास, आणि डेल्बर्ट उलट्या बादलीवर बसून तुला चुकीचे पाने देत राहिला. तू म्हणायचीस, "आजोबा, मदत थांबवाल तर लवकर होईल." तो म्हणायचा, "मी कुठे मदत करतोय, मी पाहुणा आहे." मागच्या चाकांकडे जाणारा दांडा लांब पडला म्हणून तू तो शहरातून कापून आणलास. क्लचचं पेडल काढून माझ्यासमोर टेबलावर ठेवलंस, आणि त्याच्या जागी ब्रेकचं भलं रुंद पेडल आलं, पोळपाटाएवढं. नवी दांडी तू स्टिअरिंगच्या खांबाला बसवलीस, आणि खाली जिथून जुन्या गिअरची दांडी वर यायची तिथे भोक उरलं. ते झाकायला तुला पत्रा मिळेना तेव्हा तू माझा केकचा ट्रे कापलास आणि मला नंतर सांगितलंस. त्या ट्रेवर मी तुझ्या बापाच्या बारशाचा केक केला होता. असो. पत्रा चांगला बसला, फक्त थंडी अजून वर येते.

आणि पहिल्या दिवशी मी चाचणीला बसले ते तुला आठवत असेल. उजवीकडे डेल्बर्ट, मध्ये तू, चाकामागे मी. फाटकापाशी वेग कमी करायचा म्हणून माझ्या डाव्या पायाने आयुष्यभर जे केलं तेच केलं, दणकून क्लच दाबला. क्लच नव्हताच. पाय त्या पोळपाटावर पडला, ट्रक जागच्या जागी रोवला गेला आणि डेल्बर्टचं कपाळ काचेवर आपटलं. तू हसून हसून सीटखाली गेलीस. तो टोपी सरळ करत म्हणाला, "बाई, त्या पायाचं काम संपलं. उद्यापासून तो घरी ठेवून येत जा." मी त्याला जे म्हटलं ते पत्रात लिहिता येत नाही.

त्याच संध्याकाळी तू आम्हा दोघांना स्वयंपाकघरात बसवून समजावलंस. जुन्या बॉक्सचा पहिला गिअर होता, ज्याला सगळा मुलूख आजी म्हणतो. लहान असताना तू डेल्बर्टला विचारलं होतंस त्याला आजी का म्हणतात, आणि तो म्हणाला होता, "हळू चालते, थांबत नाही, आणि आडवं येईल त्याला ढकलत नेते, म्हणून." हिवाळ्यात गायींना घालायचं ते सगळं त्या गिअरवर चालायचं. ट्रक आजीत टाकायचा, स्टिअरिंगचं चाक सुतळीने पलीकडच्या दाराच्या मुठीला बांधायचं, खाली उतरायचं, मागून हौद्यात चढायचं आणि गवत फेकत राहायचं. ट्रक आपला बैलासारखा चालत राहणार, चढावर नाही थांबणार, उतारावर नाही पळणार. घरात मूल असेल तर सुतळीऐवजी मूल. तुझा बाप पाच वर्षांचा असताना सीटवर उभा राहून चाक धरायचा, तूही धरलंस. पाय पेडलपर्यंत पोचत नव्हते, एवढंच शिकवलेलं असायचं की काही झालं तर चावी फिरव. इथे प्रत्येकजण तसाच वाढला. तू म्हणालीस, "आजोबा, हा आजी नाही. इंजिन आणि चाकांमध्ये पूर्वी लोखंड होतं, आता तेल आहे. सपाटीवर सरकेल, अडथळा आला की थांबून राहील, आणि रेस दिली की उडी मारेल. सोडून उतरायचं नाही. कधीच नाही." शिवाय डॅशबोर्डवर पांढऱ्या रंगाने मोठ्या अक्षरांत लिहिलंस, उतरण्याआधी पार्क, म्हणजे दांडी चाकं जखडणाऱ्या खुणेवर. तो म्हणाला, "मला वाचता येतं." वाचता येतच होतं त्याला. त्याने बंदूक पुन्हा भिंतीवर टांगली, आणि त्या हिवाळ्यात तो रोज सकाळी टोपी घालून माझ्याआधी दारात उभा असायचा.

मी घरी असले की मी चाकामागे आणि तो हौद्यात. टपावर आपली चालायची काठी आपटून मला हुकूम सोडायचा, एक ठोका थांब, दोन ठोके चल. मी नसले की त्याने थांबायचं असं ठरलेलं. तो थांबायचा नाही. एकदा मी दुकानातून परत आले तर चाकाला सुतळी. मी ती काढून चुलीत घातली आणि म्हटलं, "मरायचं असेल तर वसंतात मर, जमीन मऊ असते." तो म्हणाला, "आजवर नाही मेलो." मी खिशातली सुतळी काढून घेतली, सीटखालची काढून घेतली. पण ज्या घरात हिवाळाभर गवताचे गठ्ठे सुटतात तिथे सुतळी किती काढून घेणार? खुंट्यांवर सुतळी, कुंपणावर सुतळी, त्याच्या पँटलाही सुतळी.

त्या दिवशी मी चर्चच्या स्वयंपाकघरात होते, ओल्सेनबाईच्या दफनाचं जेवण होतं. तुझा बाप रस्ता साफ करत तिकडून जात होता, त्याला ट्रक कुंपणात नाक खुपसून घरघरताना दिसला. गायी ट्रकभोवती गोळा होऊन हौद्यातलं गवत ओढत होत्या. डेल्बर्ट मागे पवनचक्कीच्या टाक्यापाशी पडला होता, जिथे पाणी सांडून बर्फाचा उंचवटा होतो. ट्रकचं मागचं चाक त्याच्या छातीवरून गेलं होतं. गायी त्याला वळसा घालून ट्रकमागे गेल्या होत्या. गायींना मी दोष देत नाही, त्या गवतामागे जातात. मी पोचले तोवर आयव्हर, शेरीफ, अर्धा मुलूख तिथे बूट आपटत उभा होता, बर्फावर एक ठसा शिल्लक नव्हता. फक्त गवताची ओळ होती. घरापासून टाक्यापर्यंत सारख्या अंतरावर टाकलेले पुंजके, आणि टाक्यापाशी ओळ संपलेली. मी तेव्हाच तुझ्या बापाला म्हटलं, "ट्रक चालता असताना त्याने गवत टाकलंय. मग तो पार्कमध्ये कधी होता?" तो म्हणाला, "बर्फापाशी थांबवला असेल, पार्कमध्ये टाकून बर्फ फोडायला उतरला असेल. तिथे दांडी सुटली. आई, तू गप्प बस." तसंही असू शकत होतं. म्हणून मी गप्प बसले, आणि म्हणून दारात तुला म्हटलं की मला माहीत नाही. एकच गोष्ट मनात राहिली. शवपेटीत ठेवायला मी त्याची काठी शोधत होते, ती, जिचं रबरी टोक कुत्र्याने चावलं होतं. ती कुठे सापडली नाही.

दफनाच्या दुसऱ्या दिवशी तुझ्या बापाने ट्रक ओढत नेला आणि पश्चिमेच्या टेकडीवरच्या वाळूच्या खड्ड्यात लोटला. मला विचारलं नाही. वाऱ्याने उकरलेल्या त्या खड्ड्यात आपण मोडक्या गाड्या आणि टायर टाकतच आलोय, वाळू अडावी म्हणून. माझ्या सासऱ्याची गाडी तळाशी आहे, तिच्यावर दोन ट्रॅक्टर आहेत. पण त्या मेलेल्या गाड्या होत्या. हा जिवंत होता. वसंतभर, उन्हाळाभर वाळू त्याच्यात शिरत राहिली.

गेल्या महिन्यात मी आयव्हरला म्हटलं, "साखळी आण, मला तो ट्रक वर हवाय." तो म्हणाला, "वेल्डा, ते मढं तिथेच राहू दे." मी म्हटलं, "मढं तुझ्या मेव्हण्याला म्हण, उन्हाळ्यात एक गठ्ठा उचलला नाही त्याने." त्याने विचारलं, "कशाला हवाय पण?" मी म्हटलं, "शोभेला." मी टेकडीवर त्याच्याबरोबर गेले, उजव्या पायात माझा बूट आणि डाव्यात डेल्बर्टचा मोठा रबरी, आणि आयव्हरला ते बघून हसू आलं तरी त्याने तोंड फिरवलं. ट्रक वर आला. दार उघडलं तशी वाळू पायावर सांडली. मी हाताने वाळू उपसली. रुंद ब्रेकच्या खाली, आडवी अडकलेली, काठी होती. कुत्र्याने चावलेलं टोक अ‍ॅक्सिलरेटरला टेकलेलं.

तुला वेगळं सांगायला नको. काठीशिवाय तो शेडपर्यंतही जायचा नाही. पार्कमध्ये टाकून बर्फ फोडायला उतरला असता तर काठी त्याच्या हातात असती. ट्रक बर्फापाशी थांबला, जसा तू थांबेल म्हणाली होतीस. तो हौद्यातून उतरला. परत आत चढून बसायचा कंटाळा, पाय वाकत नाही, म्हणून दार उघडून बाहेरूनच काठीने रेस दिली. आणि ट्रकने उडी मारली, जशी तू मारेल म्हणाली होतीस.

मग मी चाकाकडे बघितलं. चाकाच्या आऱ्याला सुतळीचा फास होता, डेल्बर्टचा, तो उलटा पीळ द्यायचा तसा. दुसरं टोक पलीकडच्या दाराच्या मुठीला. मधला भाग नव्हता. दोन्ही टोकं चाकूने कापलेली, सरळ. सुतळी तुटते तेव्हा तिचे केस निघतात. ही कापली होती. बांधलेल्या चाकाने ट्रक टेकडीवर ओढत नेता येत नाही, डार्सी. कुणाला तरी ती कापावीच लागते.

रविवारी मी चिलीच्या वाटीशेजारी ते दोन तुकडे ठेवले. तुझा बाप खूप वेळ रोल कुस्करत बसला. मग म्हणाला, "काठी मी बघितली नव्हती. त्याच्या सीटवर मी बसलोच नाही, खिडकीतून हात घालून चावी फिरवली." मी विचारलं, "आणि दांडी?" तो म्हणाला, "लो गिअरवर होती, पार्कवर नाही." मी विचारलं, "कधीपासून माहीत आहे?" तो म्हणाला, "कुंपणापाशी पोचलो तेव्हापासून." मी म्हटलं, "आणि तळघरात?" तेव्हा तो रडला. माझ्या रॉडनीला, तुझ्या बापाला, तो लहानपणी घोड्यावरून पडला त्यानंतर रडताना मी पाहिलं नव्हतं आणि पुन्हा बघायची हौस नाही, नाकातून रडतो. म्हणाला, "लोक म्हणाले असते म्हातारा स्वतःच्याच ट्रकखाली गेला, मूर्खासारखा. तो उठून उत्तर देऊ शकत नव्हता. मला वाटलं ती तरुण आहे, ती सोसेल." मी म्हटलं, "सोसतेय. चादरी धुऊन सोसतेय." तो म्हणाला, "मी तिला कोणत्या तोंडाने सांगू?" मी म्हटलं, "आहे त्याच. दुसरं मी तुला दिलं नाही." त्यानंतर तो दोनदा माझ्या फोनपाशी जाऊन उभा राहिला. तुझा नंबर फिरवतो, यंत्राचा आवाज ऐकतो, आणि ठेवून देतो. त्या यंत्रावर कोणी श्वास घेताना ऐकलास तर तो तुझा बाप आहे.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. पुढच्याच दिवशी मी आयव्हरला ट्रक शेडच्या उतारावर आडवा न लावता सरळ, तोंड खाली करून, लावायला सांगितला आणि दांडी पार्कवर ठेवली. मग म्हटलं, "आता ट्रॅक्टरने ढकल." तो म्हणाला, "वेल्डा, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?" पण ढकलला. मागची चाकं माती उकरत घसरली, फिरली नाहीत. दांडी जागची हलली नाही. आयव्हरने आणखी जोर लावला, ट्रकचा बंपर वाकला, दांडी तिथेच. तू ती नीट बसवली होतीस. हे मी आता माहीत असून सांगतेय.

पण मी तुला खोटी मलमपट्टी करणार नाही. जुना बॉक्स असता तर आजी तो बर्फ चढून गेली असती आणि तो त्या दिवशी मेला नसता. हे खरं आहे आणि तुला ते उरलेल्या आयुष्यात अधूनमधून आठवेल, आठवू दे. पण जुना बॉक्स असता तर तो त्या दिवशी ट्रकमध्येही नसता. खुर्चीत असता, मांडीवर ती बंदूक घेऊन, आणि मी किती दिवस पीठ चाळत बसले असते कोण जाणे. तू त्याला एक हिवाळा दिलास. त्याने तो स्वतःच्या हट्टाने संपवला. हट्ट त्याचा होता, तो त्याच्याकडेच राहू दे, तू त्यातला वाटा मागू नकोस. हेच तुझ्या बापालाही सांगितलं.

आता हे सगळं आजच का लिहिलं ते. तो ट्रक पुढे जात नाही. रिव्हर्सला जातो, पुढे टाकला की नुसता गुरगुरतो, आणि खाली लाल तेल गळतं. खड्ड्यात लोटताना रेडिएटरकडे जाणारी तेलाची नळी चेमटली आहे असं आयव्हर म्हणतो, पण त्याला हात लावायची त्याची छाती नाही. जुना चार गिअरचा बॉक्स अजून शेडमध्ये ठोकळ्यावर आहे, धान्याच्या पोत्यात गुंडाळलेला. डेल्बर्टने त्याला ग्रीस चोपडून ठेवलं होतं. आयव्हर आणि तुझा बाप दोघं म्हणतात, तोच परत बसवू, या ऑटोमॅटिकची पीडा जाऊ दे. मी नको म्हटलं. त्यांना वाटतं मी तुझ्यासाठी हट्ट धरलाय. तसं नाही. रक्तातल्या साखरेने माझा डावा पाय खाल्ला आहे. उन्हाळ्यात अंगठा काळा पडला, मग बाकीचं, आता बूट जात नाही. बर्फ पडायच्या आत तो गुडघ्याखालून कापतील. तुझ्या बापाला पाय दुखतो एवढंच माहीत होतं, कापणार आहेत ते त्याला काल सांगितलं. त्याने लगेच शहरातल्या म्हाताऱ्यांच्या घरात खोलीची चौकशी केली, खिडकी गाड्या लावायच्या जागेवर उघडते म्हणे, आणि गायी लिलावाला काढायच्या. खिडकीपाशी खुर्चीत बसलेला माणूस काय होतो ते मी एकदा पाहिलंय, मला पुन्हा बघायचं नाही. मला यंदा माझ्या गायींना घालायचंय. त्याला तुझा बॉक्स लागेल, ज्याला डावं पेडल नाही तो. आजोबा म्हणाला तसा तो पाय मी आता खरोखरच घरी ठेवून येणार. उतरण्याआधी पार्क, हे तुझं अक्षर अजून डॅशबोर्डवर आहे, आणि एका पायावर मी उड्या मारत उतरणार नाही, याची काळजी करू नकोस. पाने आयव्हरकडे आहेत, बादली आहे, साखळी टांगलेलीच आहे. तू ये आणि तेवढी नळी बघ. मी चाकामागे बसेन. हौद्यात उभं राहून गवत कोण टाकणार आणि टपावर काठी कोण आपटणार, ते तू आणि तुझा बाप मिळून ठरवा.

तुझीच, हे लिहीपर्यंत दोन्ही पायांवर असलेली आजी,
वेल्डा